मानेवर फुलपाखरू कधी बसले?

थ्रेड. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

मानेवर फुलपाखरू गोंदवायचे एकदा ठरले की दोन प्रश्न लगेच पुढे येतात. फुलपाखरू कसले, आणि मानेवर नेमके कुठे? कानामागे, बाजूला, की मानगुटीवर केसांच्या रेषेखाली? भिवंडीतल्या माझ्या वयाच्या मुलामुलींत ही चर्चा आता नवलाची राहिलेली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात तिसरा प्रश्न दिसतो. नक्षी आणि जागा हे दोन्ही निर्णय ज्याच्या अंगावर गोंदायचे त्यानेच घ्यावेत, ही कल्पना आपल्याकडे कितपत जुनी आहे?

आधी शब्दांकडे पाहू, कारण भिवंडीसारख्या गावात शब्दच अर्धा इतिहास सांगतात. मराठी घरात ‘गोंदण’. उत्तर प्रदेश-बिहारातून यंत्रमागांवर आणि गोदामांत कामाला आलेल्या कुटुंबांत ‘गोदना’. दोन्ही शब्दांच्या मुळाशी टोचण्याची क्रिया आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत मात्र ‘पच्चबोट्टु’, म्हणजे हिरवा ठिपका. तमिळमध्येही ‘पच्चै’ म्हणजे हिरवेच. मराठीतही आपण ‘हिरवे गोंदण’ म्हणतो. वस्तुतः त्यातला रंग काळा असतो, दिव्याची काजळी. ती कातडीच्या आतल्या थरात बसली की वरच्या थरातून येणाऱ्या प्रकाशात निळसर-हिरवी दिसते. मोमिन विणकरांच्या घरांत या रिवाजाला फारसे स्थान नव्हते, कारण इस्लामी धर्मशास्त्राच्या बहुसंख्य परंपरांनी कायमचे गोंदण निषिद्ध मानले. तिथे हातावर मेंदी आली, जी उतरते. एकाच शहरात कातडीविषयी अशा निरनिराळ्या समजुती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

आता मूळ रिवाज. भिवंडी तालुक्यातल्या आगरी-कुणबी गावांत आणि आदिवासी पाड्यांवर वयस्क स्त्रियांच्या अंगावर गोंदण अजून दिसते. भुवयांच्या मध्ये ठिपका किंवा उभी रेघ, हनुवटीवर एक वा तीन ठिपके, गालावर तीळ, आणि खरा विस्तार हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत. नक्षी ठरलेल्या: तुळशीवृंदावन, पाळणा, विंचू, मोर, कमळ, चंद्रसूर्य, लक्ष्मीची पावले. दोन-चार सुया एकत्र बांधायच्या, काजळीत पाल्याचा रस किंवा दूध मिसळायचे, टोचून झाले की हळद लावायची. मुलगी बहुधा लग्नाआधीच, कोवळ्या वयात बसवली जाई. ती रडली तर बायका हात-पाय धरीत आणि गाणी म्हणत. सोने-नाणे मेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत महाराष्ट्रभर ऐकू येते. माहेरने दिलेला न हिरावता येणारा दागिना म्हणून त्याकडे पाहिले जाई आणि अनेक ठिकाणी बिनगोंदणीच्या सुनेला सासरी टोमणे ऐकावे लागत.

पुढे जत्रांतून नाव गोंदण्याची चाल पसरली. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही असा दंडक असलेल्या स्त्रीच्या हातावर तेच नाव ठळक देवनागरीत असे, आणि निरक्षर असल्यामुळे ते तिला वाचता येत नसे. तिच्याच अंगावरचा तो मजकूर इतरांना वाचता यायचा. गोंदणाविषयीच्या ‘स्त्रियांची स्वतःची कला’ या आजच्या गोडगोड लिखाणात ही बाजू राहून जाते, म्हणून मुद्दाम सांगतो.

जागेचे गणित इथेच उलगडते. गोंदण वाचण्यासाठी होते, म्हणून ते समोरच्याला दिसेल तिथे होते. मराठीत ‘मान’ आणि ‘गळा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतला एकच शब्द दोन्ही भागांना पुरतो. आपल्याकडे गळा दागिन्यांच्या मालकीचा: डोरले, गळसरी, ठुशी, वज्रटीक, आणि विवाहितेच्या बाबतीत मंगळसूत्र. तिथे गोंदणाला रीघच नव्हती. मान, म्हणजे मागची बाजू, अंबाड्याखाली आणि पदराखाली झाकलेली. जे कुणी पाहणार नाही तिथे ओळखीची खूण कशाला? मराठी गोंदणात मानेला स्थान जवळपास नाही, त्याचे कारण माझ्या मते पावित्र्य-अपावित्र्यापेक्षा हे साधे दिसणे-न दिसणे आहे. केस आखूड झाले, पदर गेला, तेव्हा मान दिसू लागली आणि मगच ती नक्षीची जागा झाली.

हा काही जगाचा नियम नव्हे. शेजारच्या गुजरातेत कच्छ-काठियावाडच्या रबारी स्त्रिया ‘त्राजवां’ गोंदवून घेत आल्या, ती थेट गळ्यावर आणि छातीवर. आणखी मागे जायचे तर इजिप्त. दैर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत सापडलेल्या, इसवी सनपूर्व १३०० ते १०७० या काळातल्या एका स्त्रीच्या ममीवर तीसहून अधिक गोंदणे आढळली. ॲन ऑस्टिन या अभ्यासिकेने अवरक्त छायाचित्रणाने ती उजेडात आणली. २०१६ मध्ये त्यांची बातमी जगभर गेली. तिच्या गळ्यावर बसलेली वानरे आणि रक्षक मानलेला ‘वजेत’ डोळा आहे. नितंबांवर कमळे, हातावर गाई. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’च्या अंगावर ६१ खुणा आहेत, पण त्या निव्वळ रेघा आणि फुल्या, त्याही पुष्कळशा कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या जागी. म्हणजे दाखवण्यासाठी आणि न दाखवण्यासाठी, दोन्ही प्रकारची गोंदणे फार जुनी आहेत.

जागा दुसऱ्याने ठरवण्याचे सर्वात कठोर उदाहरण मात्र आपल्याच देशातले, आणि ते सरकारी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल इलाख्यात १७९७ च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचे नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदण्याची तरतूद झाली. शिक्षेचे नाव काय, तर ‘गोदना’. बायकांच्या अंगणातला शब्द इंग्रजी कायद्याच्या भाषेत गेला. ठग म्हणून दोषी ठरलेल्यांच्या कपाळावरही तशी अक्षरे आली. कपाळच का? कारण ते झाकता येत नाही. कैदी मग पागोटे भुवयांपर्यंत ओढत, केस पुढे वाढवत. १८४९ साली ही शिक्षा रद्द झाली. इतिहासकार क्लेअर अँडरसन यांनी या विषयावर सविस्तर लिहिले आहे. रस असेल त्यांनी जरूर शोधावे.

सुई धरणाऱ्या हातांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. दक्षिणेत गावोगाव फिरून गोंदणाऱ्या स्त्रिया मुख्यतः कोरवा किंवा येरुकल समाजातल्या. थर्स्टनच्या १९०९ च्या जाती-जमातींवरील ग्रंथात त्यांचे वर्णन आहे. मराठी मुलखातला कैकाडी समाज याच कुळातला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि फिरस्तीवर जगणाऱ्या अशा अनेक समाजांवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. तो कायदेशीररीत्या पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. आज शहरी स्टुडिओत ‘ट्रायबल’ नावाने गोंदणाचे ठिपके विकले जातात, तेव्हा या स्त्रियांचा उल्लेखही कुठे नसतो. मला हे खटकते.

आता फुलपाखरू. जुन्या गोंदणाच्या नक्षींत ते सहसा भेटत नाही. विंचू आहे, मोर आहे, पण फुलपाखरू नाही. संस्कृत काव्यानेही फुलांवर भ्रमरच बसवला. पंखांच्या किड्यांपैकी कवींना दुसरा प्रिय म्हणजे ज्योतीवर झेपावून जळणारा पतंग, आणि तो नाशाचे प्रतीक. सौभाग्य, संतती आणि रक्षण मागणाऱ्या गोंदणाला असा अल्पायुषी जीव कसा चालावा? हा माझा तर्क आहे, पण नक्षींची यादी पाहिली की तो पटतो. ग्रीकांकडे चित्र उलटे: ‘प्सिखे’ या एकाच शब्दाचा अर्थ आत्मा आणि फुलपाखरू. जपानात ताइरा घराण्याचे कुलचिन्हच फुलपाखरू होते. मुक्ती, रूपांतर, नवा जन्म हे अर्थ आजच्या टॅटूच्या फुलपाखरावर बसले आहेत, ते बाहेरून आले. (महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य. देशी फुलपाखरूच हवे असेल तर काळ्या पंखांवर निळ्या पट्ट्यांचे हे चांगले उमेदवार आहे.)

तंत्राचाही अडसर होता. हाताने बांधलेल्या सुयांनी ठिपके उत्तम पडतात आणि ठिपक्यांची रेघ होते; दोन्ही पंख हुबेहूब सारखे, आत शिरांची जाळी आणि छटा, हे यंत्राचे काम. एडिसनने १८७६ मध्ये पेटंट घेतलेली विजेची लेखणी कागदाला भोके पाडण्यासाठी होती. तिच्याच तत्त्वावर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने ८ डिसेंबर १८९१ रोजी गोंदणाच्या विजेच्या यंत्राचे पेटंट मिळवले. आपल्या जत्रांत बॅटरीवर गुणगुणणारे यंत्र घेऊन बसलेला माणूस त्याच वंशावळीतला.

तरीही हाताच्या गोंदणाकडून शिकण्यासारखे आहे. शाई कातडीत स्वस्थ बसून राहत नाही. तिचे कण भक्षक पेशी गिळतात, त्या मरतात, मोकळे झालेले कण नव्या पेशी गिळतात. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिले. वर्षानुवर्षे रेघ किंचित पसरत जाते. आजीची तुळस सत्तराव्या वर्षीही ओळखू येते, कारण तिच्यात ठिपक्याठिपक्यांत अंतर आहे. अंगठ्याएवढ्या फुलपाखरात पंखांच्या दहा शिरा भरल्या तर काही वर्षांत त्यांचा एकच डाग होऊ शकतो. मानेची कातडी पातळ, सतत वळणारी, उन्हात उघडी. तेव्हा मोठा आकार, मोजक्या रेघा. आणि बाजूपेक्षा मानगूट बरी, कारण तिथे केसांची सावली असते आणि हवे तेव्हा झाकता येते.

आणि एक व्यावहारिक बाब, भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी. आमच्या गावांतून पहाटे धावायला निघणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. भारतीय सैन्याच्या भरतीत कायमचे गोंदण चालते ते कोपराच्या आतून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूस. आदिवासी उमेदवारांच्या रूढींचा वेगळा विचार होतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमांत तर ‘पारंपरिक जागा’ असाच शब्दप्रयोग आहे. हाताची आतली बाजू, तीही फक्त डाव्या हाताची, कारण सलाम उजव्या हाताने करतात. किंवा पंजाची मागची बाजू. आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून कमी. मान या यादीत नाही. मजकुराविषयी नियम सांगतो की धार्मिक चिन्ह, आकृती आणि नाव यांना परवानगी आहे. फुलपाखराचा उल्लेख नाही. आजीच्या डाव्या हातावर आतल्या बाजूने बेताची तुळस आणि नवऱ्याचे नाव असेल, तर ते मात्र या नियमात बसते.