बेळगावची मोटार : दोन सडकांचा इतिहास

बेळगावचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम किल्ल्याकडे वळतो, मग किल्ल्यातील कमलबस्तीकडे. मोटारस्थानकाकडे कोणी वळत नाही. वस्तुतः ही दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. किल्ल्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. स्थानकाचा अद्याप लिहावयाचा आहे. त्याचा अल्पसा आरंभ येथे करावा, असे आम्हांस वाटले.

आगगाडी बेळगावास एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात आली. पण ती उत्तरेकडे घटप्रभा, रायबाग, कुडची असे वळण घेत मिरजेस जाते. मिरजेहून कोल्हापूरचा फाटा १८९१ साली सुरू झाला. त्यामुळे बेळगावहून कोल्हापूर सडकेने सुमारे ११० किलोमीटर, तर आगगाडीने मिरजेचा वळसा घालून त्याच्या दीडपटीहून अधिक. तंबाखूची मोठी पेठ निपाणी आणि हिरण्यकेशीकाठचे संकेश्वर यांना तर रूळ लाभलेच नाहीत. पश्चिमेस आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि वेंगुर्ले बंदर गाठणारी दुसरी जुनी सडक. तिच्याही सोबतीला आगगाडी कधी आली नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, पण ती किनाऱ्याच्या बाजूने धावते; घाट चढून बेळगावास येत नाही. सारांश, या दोन वाटांवरील माणसांचे जाणे-येणे आधी बैलगाडीने आणि मग मोटारीनेच झाले.

आरंभी या मोटारी खाजगी असत. आमचे आजोबा त्यांस ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत. उतारू भरले की ती सुटे. वेळापत्रक हे केवळ सौजन्य. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त आली. पुढे मुंबई सरकारने उतारूंची वाहतूक आपल्या हाती घेतली आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली.

आता सीमेचा विचार करू. बेळगावच्या उत्तरेची सीमा १९५६ साली निर्माण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कोल्हापूर हे संस्थान होते. कागल त्याच्या ताब्यातील जहागीर. निपाणी मात्र इंग्रजी अमलातील बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे कागल आणि निपाणी यांच्या दरम्यान सडकेवर हद्द पूर्वीपासूनच होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती पुसली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि ती जवळजवळ त्याच जागी पुन्हा उमटली. पुणे ते बेळगाव ही सडक एका सरकारखाली अखंड राहिली ती अवघी सात वर्षे आठ महिने. ज्या काळाकडे आमची पिढी ‘पूर्वीची स्थिती’ म्हणून पाहते, तो काळ इतका अल्प होता!

पश्चिमेच्या सडकेची कथा निराळी आहे. चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच भाग. कचेरी, बाजार, दवाखाना, शाळा या साऱ्यांसाठी तेथील माणूस बेळगावास येई. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे देताना ‘चंदगड तालुका वगळून’ अशी तरतूद झाली. चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. बेळगाव तालुक्यातील बाची आणि चंदगड तालुक्यातील शिनोळी या शेजारच्या गावांमधून राज्याची हद्द गेली. उत्तरेस जुनी रेघ पुन्हा गिरवली गेली. पश्चिमेस मात्र जेथे जिल्ह्याचीही सीमा नव्हती तेथे राज्याची सीमा आली. चंदगडचा मराठी भाग महाराष्ट्रात राहिला याचा आनंद आम्हांस आहेच. परंतु त्याची बाजारपेठ परराज्यात गेली, हेही इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

सीमा आली तरी बाजार हलला नाही. म्हणून मोटारही थांबली नाही. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. तेव्हा कोणत्या मार्गावर कोणाच्या किती फेऱ्या, हे दोन्ही सरकारांना परस्पर करारांनी ठरवावे लागले. म्हैसूर राज्याचे मार्ग परिवहन महामंडळ १९६१ साली स्थापन झाले; १९९७ साली हुबळी येथे मुख्यालय असलेले वायव्य कर्नाटकाचे महामंडळ त्यातून वेगळे झाले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ साली दाखल झाला. नेत्यांची भाषणे तापत राहिली, आणि त्याच दिवसांत दोन्ही राज्यांचे वाहक एकाच स्थानकात एकाच कट्ट्यावर चहा पीत राहिले. एका गाडीची पाटी देवनागरीत, दुसरीची कानडीत. आमच्या विद्यार्थिदशेत खेड्यातून आलेली एखादी म्हातारी विचारी, “बाळा, ही गाडी कुठं जाते रे?” आणि आम्ही कानडी पाटी वाचून तिला मराठीत सांगत असू. दोन लिप्या वाचण्याचा आमचा पहिला उपयोग तोच.

त्या काळी कोल्हापूरहून येणाऱ्या गाडीच्या टपावर आमच्यासाठी आणखी एक ऐवज असे : पुस्तकांचा गठ्ठा. पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारची. पण संदर्भग्रंथ, मासिके, दिवाळी अंक हे सारे त्या गाडीने येई. येथील मराठी शिक्षक घडला तो बऱ्याच अंशी या टपावरच्या गठ्ठ्यांवर.

अलीकडे सीमा तिकिटावरही उमटली आहे. मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एस. टी. त स्त्रियांस निम्मे भाडे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. जून २०२३ पासून कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांस त्या राज्यात साध्या सरकारी गाड्यांतून मोफत प्रवास. दोन्ही योजना स्तुत्य आहेत. परंतु माहेर पलीकडे असलेल्या बाईला एकाच प्रवासाचे दोन हिशेब मांडावे लागतात.

आणि कधी गाडीच थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये थांबली, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा थांबली. वाद पेटला की पहिला दगड मोटारीच्या काचेवर येतो, कारण राज्याचे नाव अंगावर वागवीत परमुलखात जाणारी तीच एक वस्तू. अशा दिवसांचा दस्तऐवज आमच्यापाशी आहे. तो म्हणजे शाळेचा हजेरीपट. चंदगडच्या बाजूने येणाऱ्या मुलांच्या नावांपुढे त्या तारखांना ओळीने गैरहजेरी आहे. कारणाच्या रकान्यात वर्गशिक्षकांनी दोनच शब्द लिहिले आहेत : ‘गाडी नाही.’ न्यायालयात सादर होणाऱ्या नकाशांत या नोंदीस स्थान नाही. पण सीमा म्हणजे काय, हे तिच्याइतके थोडक्यात कोणी सांगितलेले आम्हांस ठाऊक नाही.

मराठी भाषेचा येथील हक्क आम्हांस प्रिय आहे आणि त्याविषयी आमचे मत डळमळीत नाही. तथापि जी गाडी आपली मुले आणि आपली पुस्तके घेऊन येते, तिच्यावर उचललेला हात, तो कोणत्याही बाजूचा असो, त्या हक्काची सेवा करीत नाही. आमच्या शिक्षकबंधूंस एवढीच विनंती की, आपापल्या शाळांचे जुने हजेरीपट रद्दीत घालू नयेत. जुनी वेळापत्रके, तिकिटे, पासही जपून ठेवावेत. किल्ल्याचे दगड आपोआप टिकतात. हा कागद टिकवावा लागतो.