वाहत्या पाण्याचे नाते

आयर्लंडात पहिली पाणचक्की कशी आली, याची तिकडे एक जुनी कथा सांगतात. तारा येथे कॉर्मक नावाचा राजा होता. त्याच्या घरी परमुलखातून धरून आणलेली किअर्नित नावाची एक राजकन्या होती. ती राणीच्या डोळ्यांत सलू लागली आणि राणीने तिला दासी करून जात्याला जुंपले. रोज नऊ मापे धान्य दळायचे! पुढे तिला दिवस गेले, जाते ओढवेना, तेव्हा राजाने समुद्रापलीकडून कारागीर आणवून ओढ्यावर चक्की बसवली.

कथा किती खरी, हा प्रश्न सोडून द्या. पण ज्याच्या लहानपणी पहाटे जात्याची घरघर कानांवर पडली, त्याला ती सांगणाराचा भाव चटकन कळतो. माझ्या आजीच्या तळहाताला खुंट्याने घट्टे पडलेले मी पाहिले आहेत. त्या लोकांनी आपल्या यंत्राची कथा एका थकलेल्या बाईपासून सुरू केली, हे मला फार आवडते.

कथेतून जमिनीवर यावे तर पुरावा लाकडाचा आहे. उत्तरेस डाउन परगण्यात स्ट्रँगफर्डची खाडी आहे. तिच्यातील एका बेटावर नेंड्रम हा जुना मठ होता. १९९९ पासून तेथे उत्खनन झाले आणि चिखलात ओकाची लाकडे सापडली. झाडाच्या खोडातील वर्तुळे मोजून त्यांचे साल ठरले, इ. स. ६१९. म्हणजे आपल्याकडे दुसरा पुलकेशी राज्य करीत होता, तो काळ. मठातले साधू भरतीचे पाणी बांध घालून तळ्यात अडवीत आणि ओहोटी लागली की ते सोडून चक्की फिरवीत. समुद्रालाच त्यांनी दळायला बसवले होते!

गावोगावच्या ओढ्यांवरही चक्क्या होत्या. शंभराहून अधिक जुन्या चक्क्यांचे अवशेष आजवर सापडले आहेत. त्यांची घडण अगदी साधी. चाक आपल्या जात्यासारखेच आडवे. ओकाच्या कोरीव पन्हळीतून पाण्याची धार चाकाच्या पळीसारख्या पात्यांवर आदळे. चाकाच्या मध्यातून उभा दांडा वर जाई, खालच्या दगडातून पार होई आणि वरच्या दगडाला धरून फिरवी. दात्यांची चक्रे नाहीत, काही नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. गावच्या सुताराला जमेल असे हे काम.

पण सुतारकामापेक्षा अवघड होते ते पाणी आणणे. ओढा एकीकडे, चक्कीची जागा दुसरीकडे आणि मध्ये चार जणांची शेते. पाट न्यायचा कसा? येथे आयरिश लोकांचा सातव्या शतकातला एक कायदा उपयोगी पडे. त्याचे नावच मोठे गोड आहे : ‘वाहून आणलेल्या पाण्याचे नाते’. त्याप्रमाणे शेजाऱ्याला पाट अडवता येत नसे. मात्र त्याला जमिनीचे मोल मिळे, नाहीतर पाळीने एक दिवस चक्की वापरण्याचा हक्क मिळे. खानदेशातल्या फडांवर पाण्याच्या पाळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातले शहाणपण निराळे सांगायला नको. बांधावरून डोकी फुटतात हे त्या कायदेपंडितांना पक्के ठाऊक असावे. म्हणूनच त्यांनी भांडणाला नात्याचे नाव दिले.

हे नाते पुढे टिकले नाही. इंग्रजांचा अंमल बसला, जमिनी जमीनदारांच्या झाल्या. कित्येक कुळांच्या करारात अटच असे की, दळण मालकाच्याच चक्कीवर आणले पाहिजे, आणि दळणातला वाटा तेथे ठेवला पाहिजे. अठराव्या शतकात सरकारने डब्लिनकडे पीठ नेणाऱ्यांना बक्षिसी दिली, तशा मोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या. बॉइन नदीवरची स्लेनची गिरणी १७६६ च्या सुमारास पुरी झाली. १७७६ मध्ये आर्थर यंग हा इंग्रज प्रवासी तिचा डौल पाहून थक्क झाला. चाके जोरात फिरत होती. पण कुळाचे धान्य खंडापायी विकले जाई आणि त्याच्या ताटात बटाटा पडे.

१८४५ मध्ये त्या बटाट्यावर रोग पडला. पंतप्रधान पील यांनी एक लाख पौंडांचा अमेरिकन मका गुपचूप मागवला. लोक त्याला ‘इंडियन’ म्हणत. आपल्या हिंदुस्थानाशी त्याचा काही संबंध नाही. हा मका आला तो न दळलेला आणि दगडासारखा कठीण. ओट दळणाऱ्या गावच्या चक्क्यांना तो आवरेना. आधी भट्टीत वाळवायचा, मग दोनदा दळायचा. नीट न दळता खाल्ला की पोट बिघडे. लोकांनी त्या पिवळ्या पिठाला ‘पीलचे गंधक’ असे नाव ठेवले. आणि त्याच दिवसांत आयर्लंडचा ओट जहाजांत भरून बाहेर जातच होता! दहा लाख माणसे त्या दुष्काळात गेली. हे वाचताना मला राहून राहून तो जुना कायदा आठवतो.

पुढे पोलादी लाटांनी दळलेले अमेरिकेचे स्वस्त, पांढरे पीठ आले आणि ओढ्याकाठच्या चक्क्या एकेक करून थांबल्या. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचे धान्य आटले, तेव्हा काही चाके पुन्हा भिजली. मग खेड्यांतून वीज आली.

नावे मात्र उरली. वेस्टमीथ परगण्यात मलिंगार नावाचे चांगले मोठे गाव आहे. त्याचा मूळ आयरिश अर्थ ‘उलट्या फेऱ्याची चक्की’. कोण्या संताच्या करणीने तिथले चाक डावीकडे फिरू लागले, अशी तिथल्या लोकांची समजूत आहे.