शाकारणी, सारवण, माळवद : घरदुरुस्तीचा अलिखित इतिहास

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणसाला तोंडपाठ असते. घर बांधणे ही तिने कर्तृत्वाची कसोटी मानली आहे. बांधलेले घर पुढे पन्नास-साठ पावसाळे उभे ठेवणे हीही तितकीच अवघड कसोटी असते. पण तिच्याविषयी अशी म्हण नाही. वास्तुशांत एकदा होते, दुरुस्ती दरवर्षी होते आणि दरवर्षी घडणाऱ्या गोष्टीची नोंद कोणी ठेवत नाही.

देवळाच्या बाबतीत मात्र असे घडलेले नाही. देवळाच्या दुरुस्तीला ‘जीर्णोद्धार’ असा भारदस्त संस्कृत शब्द आहे आणि तो करणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसल्यांनी आणि पुढे होळकर घराण्यातील स्त्रियांनी केला, हे आपण आजही सांगतो. त्याच वेरूळमधल्या साध्या घरांची छपरे त्या शतकांत किती वेळा उतरवली आणि चढवली गेली, हे सांगणारे साधन आपल्याकडे नाही. घराच्या वाट्याला ‘डागडुजी’ आली.

हा शब्द मुळात फारसी असून त्यात ‘शिवण्या’चा अर्थ दडलेला आहे. ‘दुरुस्ती’ही फारसीतून आणि ‘मरामत’ अरबीतून आलेली. हे शब्द राज्यकारभाराच्या भाषेबरोबर मराठीत आले आणि खर्चाच्या नोंदींत स्थिरावले. प्रत्यक्ष हाताच्या कामाचे शब्द मात्र वेगळे आहेत : शाकारणे, सारवणे, लिंपणे, पोतारणे, चोपणे. कागदावर एक भाषा आणि छपरावर दुसरी, अशी ही विभागणी आहे. घरदुरुस्तीचा इतिहास लिहायचा तर बराचसा या दुसऱ्या भाषेतूनच लिहावा लागेल.

शाकारणी

कोकणात आगोट जवळ आली की घराघरांतून शाकारणीची गडबड सुरू होई. मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर अपेक्षित असे, म्हणजे वैशाखातच छप्पर हाती घ्यावे लागे. गवताचे छप्पर असो वा नळीच्या कौलांचे, दोहोंच्या वार्षिक दुरुस्तीला शब्द एकच : शाकारणी.

नळीचे कौल कुंभाराच्या चाकावर घडे. आधी मातीची नळी काढायची आणि ती उभी चिरून तिची दोन कौले करायची. छपरावर एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी, अशी त्यांची मांडणी असे. ही कौले एकमेकांत अडकलेली नसत. केवळ स्वतःच्या वजनाने बसलेली असत. मांजर धावले, माकडांची टोळी येऊन गेली, वाऱ्याने फांदी आपटली, की कौल सरके आणि खाली थेंब पडू लागे. म्हणून दरवर्षी सगळी कौले उतरवायची, त्यांतला पाचोळा झाडायचा, तडकलेली बाजूला काढायची, पडवीत राखून ठेवलेल्या जुन्या कौलांतून त्यांची भरपाई करायची, वाळवी लागलेली रीप बदलायची आणि पुन्हा सगळे रचायचे. रचताना सुरुवात वळचणीपासून होई, कारण वरच्या कौलाचे तोंड खालच्यावर चढले पाहिजे. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असे आपण म्हणतो. शाकारणारा मात्र नेमका वळचणीकडून आढ्याकडे जात असतो.

या कामाला अनेक हात लागत. एक वर, एक शिडीवर, दोघे खाली. आज याच्या घरी, उद्या त्याच्या, असा हा परस्पर देवघेवीचा व्यवहार होता. त्यात बदल घडवला तो एका कारखान्याने. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना सुरू केला. तेथे तयार होणारे सपाट कौल खाचेत खाच अडकवून बसत असे. ते सहजासहजी सरकत नसे. पश्चिम किनाऱ्यावर जहाजांतून पसरलेल्या या मंगलोरी कौलाने शाकारणीचा वार्षिक नेम सैल केला. आता फुटेल तेवढे कौल बदलले की भागू लागले. श्रम वाचले, हे निश्चितच चांगले झाले. मात्र त्याबरोबर प्रत्येक घराने वर्षातून एकदा आपले छप्पर उघडून आतली लाकडे पाहण्याची सवयही हळूहळू मागे पडली.

सारवण आणि पोतेरे

छप्पर वर्षातून एकदा, तर जमीन आठवड्याला. मातीची जमीन वापराने उखणते, तिला भेगा पडतात, पोपडे सुटतात. सारवण म्हणजे त्यावर नुसते शेण फिरवणे नव्हे. सुटे पोपडे आधी खरवडून काढावे लागतात, खड्ड्यात ओली माती भरून ती चोपावी लागते, जमिनीवर पाण्याचा हात फिरवावा लागतो. कोरड्यावर दिलेला थर वाळताच सुटून येतो. शेणातले बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, पण शेण जास्त झाले तरी पापुद्रा निघतो. हे प्रमाण हाताला कळावे लागते. भिंतीच्या लिंपणासाठी मातीत भुसा मिसळून ती मुरवावी आणि तुडवावी लागते. कोकणात पावसाळ्यानंतर अंगणाचे खळे करताना हीच विद्या मोठ्या प्रमाणावर उपयोगात येई.

यातला बराचसा भाग स्त्रियांच्या हातचा होता. गवंड्याने भिंतीला गिलावा केला तर ते ‘काम’ ठरे आणि त्याची मजुरी होई. बाईने तीच भिंत लिंपली तर ते ‘घरकाम’ ठरे. साहित्य तेच, हेतू तोच. फरक इतकाच की एकीचा हिशेब कोठेच लागत नसे.

भाषेने या कामाचे काय केले, हे साहित्याच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे. सारवण्यावरून ‘सारवासारव’ आली. तिचा अर्थ चूक झाकणे. ज्या फडक्याने घर राखले त्या पोतेऱ्यावरून ‘आयुष्याचे पोतेरे होणे’ आले. ‘ठिगळ’ म्हटले की विजोड, ओढूनताणून जोडलेले. ‘नुसती डागडुजी’ म्हणजे वरवरचा उपाय. याउलट बांधकामातले शब्द पाहावेत : उभारणी, बांधणी, रचना, पायाभरणी. हे सगळे सन्मानाचे आहेत. कथेची ‘बांधणी’ घट्ट असते, कादंबरीची ‘रचना’ प्रशंसनीय असते. कोणत्याही समीक्षकाने एखाद्या कृतीच्या ‘लिंपणा’चे कौतुक केल्याचे आढळत नाही. भाषा आपले मूल्यमापन असे नकळत उघड करते. राखण्याला तिने दुय्यम ठरवले आणि राखणाऱ्यालाही.

गावकूस कोणी दुरुस्त केले?

राखणाऱ्यांत स्त्रियांखेरीज आणखीही कोणी होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र येते, ते मुख्यतः देखभालीच्या व्यवस्थेचे चित्र आहे. सुतार-लोहारांनी नांगर-वखर चालते ठेवायचे आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. गावाचा गाडा फिरता राहावा म्हणून दुरुस्ती करणारे हात जन्माने नेमून दिलेले होते.

या व्यवस्थेतला सर्वांत बोचरा तपशील गावकुसाचा आहे. गावाभोवतीच्या भिंतीची डागडुजी हे महारांच्या परंपरागत कामांपैकी एक काम मानले जाई. म्हणजे ज्यांनी ती भिंत दुरुस्त करायची, त्यांनीच तिच्या बाहेर राहायचे. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आज आपण दलित साहित्याच्या चर्चेत सहज वापरतो. त्या कुसाला कोणाचे हात लागलेले होते, हे त्या शब्दात ऐकू येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे वतनाच्या नावाखाली अशी अमर्याद कामे अत्यल्प मोबदल्यात करून घेतली जातात, ही व्यथा होती. ही कनिष्ठ वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणून जुन्या घरांविषयी, जुन्या गावांविषयी हळवे होताना थोडे थांबावे लागते. आपले काम आपल्या हाताने करण्याचा आनंद आणि दुसऱ्याचे काम करण्यावाचून गत्यंतर नसणे, या दोन गोष्टी एका छपराखाली नांदत होत्या.

पांढरीची माती

कोकणातून देशावर आणि मराठवाड्यात आले की उतरते छप्पर संपते आणि माळवद सुरू होते. पाऊस कमी, ऊन कडक. लाकडी खांब आणि तुळयांवर लाकडी फळ्या वा काटक्या पसरायच्या, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर, असे हे सपाट छत. ही माती शेतातली चालत नाही. काळी माती ओलीने फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्या भेगांतून पाणी थेट घरात येते. माळवदाला पांढरी माती लागते. आपल्या खेड्याची दोन नावेही मातीवरूनच आहेत : शेतीची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’.

ही पांढरी माती येते कोठून? बहुधा गावाच्या जुन्या टेकाडावरून किंवा पडक्या गढीतून. तेथे पूर्वीच्या वस्त्यांची मातीची घरे पिढ्यान्पिढ्या ढासळत, एकमेकांवर साचत गेलेली असतात. म्हणजे पूर्वजांच्या पडलेल्या भिंती खणून वंशज आपले छत दुरुस्त करीत आले. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना या खणण्याने हळहळ वाटते, कारण त्यात प्राचीन थर उद्ध्वस्त होतात. पण याच खणण्याने काही वेळा इतिहास वरही आणला आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथे माती खणताना सापडणाऱ्या मूर्ती, मणी आणि खापरे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपून ठेवली आणि त्या संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. सातवाहन काळ आपल्या अभ्यासात आला त्यामागे कोणाच्या तरी गळक्या माळवदाचाही थोडा वाटा आहे.

मात्र माळवदाच्या दुरुस्तीत एक धोका होता. शाकारणीत जुने उतरवून मग नवे चढते. माळवदावर दरवर्षी, किंवा गळती दिसेल तेव्हा, मातीचा नवा थर जुन्यावर पडे. जुना थर काढण्याचे कारण कोणालाच दिसत नसे. जाड छत उन्हाळ्यात थंडावाही देई. बापाने टाकलेल्या थरावर मुलाने थर टाकला, त्यावर नातवाने. प्रत्येक दुरुस्ती स्वतःपुरती योग्यच होती. त्यांची बेरीज कोणी केली नाही.

किल्लारीनंतर

ती बेरीज ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, चारच्या सुमारास, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच दगावली. घरांच्या भिंती गोल-ओबडधोबड दगडांच्या आणि मातीत बांधलेल्या. भिंतीला आतले आणि बाहेरचे असे दोन पदर, मध्ये दगडमातीची भर. दोन्ही पदरांना आरपार जोडणारा दगड नाही. हादऱ्याने पदर सुटले आणि डोक्यावरचे, पिढ्यान्पिढ्या जाड होत गेलेले माळवद खाली आले. ज्या मातीने पाऊस थोपवला होता तिनेच माणसे गाडली.

त्यानंतरच्या पुनर्वसनात नवी गावे वसली. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. तुलनेने दुर्लक्षित राहिला तो दुसरा कार्यक्रम. जी घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, ती घरमालकांनी स्वतःच दुरुस्त आणि मजबूत करावीत, शासनाने अर्थसाहाय्य व तांत्रिक मार्गदर्शन द्यावे, अशी ती योजना होती. तिचा विस्तार हजाराहून अधिक गावांत होता. माळवदावरची जादा माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड घालणे, भिंतींना बांधून ठेवणारा आडवा पट्टा देणे, खांब आणि तुळई यांच्या जोडाला तिरके आधार लावणे, अशी ही कामे. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून यात स्थान मिळाले. कोणत्या भिंतीला काय हवे, पैसा कसा मिळतो, गवंड्याचे काम नीट झाले की नाही, हे घरोघर समजावण्याचे आणि पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले.

या घटनेचे महत्त्व आकड्यांपलीकडचे आहे. शतकानुशतके भिंती लिंपणाऱ्या हातांना भिंतीविषयी बोलण्याचा अधिकार प्रथमच औपचारिकरीत्या मिळाला. घराची अशी माहिती बाईला असते, हे सरकारी कागदाने मान्य केले. आणि माळवद वर्षानुवर्षे कसे जाड झाले, हे उघडपणे सांगितले गेले, तेव्हाच ते हलकेही करता आले. दुरुस्तीची नोंद न ठेवणाऱ्या समाजाला दुरुस्तीतले ज्ञान दिसत नाही आणि तिच्यातला धोकाही दिसत नाही, हा किल्लारीचा धडा आहे.

आज शहरी घरांत हौसेने हातात ड्रिल घेणारा मध्यमवर्गीय माणूस दिसतो. भिंतीतली ओल आणि गळका नळ स्वतः आटोक्यात आणण्याचे मार्गदर्शनही मुबलक उपलब्ध आहे. ‘स्वतः करा’ या आवाहनातला ‘स्वतः’ मोकळा आहे; त्याला नको असेल तेव्हा तो माणूस बोलावू शकतो. सारवणाऱ्या बाईला आणि गावकूस बांधणाऱ्या महाराला हा पर्याय नव्हता. हाताने काम करण्याची प्रतिष्ठा वाढत असेल तर ते स्वागतार्हच आहे. फक्त ते हात पहिले आहेत असे समजू नये.

मराठीच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांना या इतिहासात करण्यासारखे एक काम आहे. मोल्सवर्थ-कँडी यांच्या १८३१ च्या आणि पुढे १८५७ च्या सुधारित कोशात छप्पर, माती आणि लाकूड यांचे शब्द विपुल आहेत. पण कोश शब्द देतो, कृती देत नाही. शेणामातीचे प्रमाण, कौल चढवण्याचा क्रम, पांढरी माती ओळखण्याची खूण ज्यांच्या हातात आहे अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. बोलींचे प्रकल्प करताना गाणी आणि ओव्या आपण आवर्जून टिपतो. त्याच वहीत, त्याच आजीला, जमीन कशी सारवायची आणि छपरावर किती माती होती, हेही विचारावे.