वादळाची चाहूल आणि हातातील रेडिओ

रेडिओ घरोघर पोहोचला तो वार्ता आणि गाणी घेऊन. पण त्याचा जन्म मेघगर्जनेच्या सान्निध्यात झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. १८९५ साली रशियातील शास्त्रज्ञ अलेक्सांद्र पोपोव यांनी जो ग्राहक तयार केला, तो माणसांचे संदेश टिपण्याआधी आकाशातील विजेची वार्ता टिपत असे. दूर कोठे वीज चमकली की त्याची घंटा वाजे. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथील वनविद्या संस्थेत हे यंत्र वादळांच्या नोंदीसाठी बसविण्यात आले.

ही गोष्ट तापीकाठच्या बऱ्हाणपुराला विशेष लागू पडते. शहर नदीच्या उत्तर काठावर, समोर जैनाबाद, आणि आसपास केळीच्या बागा. वळवाच्या दिवसांत, म्हणजे ऐन मे-जूनमध्ये, घड भरत आलेले असतात. केळीचे खोड लाकडाचे नव्हे. पानांच्या देठांचे पदर एकावर एक बसून ते झालेले असते. घडाचे ओझे वर, रुंद पाने शिडासारखी वाऱ्यात उभी, अशा स्थितीत सोसाट्याचा वारा आला की वर्षभराची मेहनत काही मिनिटांत आडवी होते. आधी कळले तर बांबूचे टेकू देता येतात, तयार घड उतरविता येतात, आणि पाणी देणे थांबविता येते. कारण ओल्या जमिनीत मुळे चटकन सुटतात. काही तासांचा अवधी तेवढा हवा असतो.

हा अवधी देण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८७० साली मुंबईहून जबलपूरपर्यंतचा लोहमार्ग सलग झाला, आणि बऱ्हाणपूर त्या मार्गावर होते. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. तारेने येणारा इशारा कचेरीपर्यंत पोहोचे, पण कचेरीतून बागेपर्यंत त्याला पाय नव्हते. १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता रेडिओवरून देशी भाषांत देण्यास आरंभ झाला, तेव्हा पहिल्यांदा हे पाय फुटले. तेही लंगडेच, कारण त्या काळचा ग्राहक दिव्यांचा, जड, आणि वीज नसलेल्या गावी मोठ्या बॅटरीवर अवलंबून. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५४ पासून त्याचे खिशात मावणारे संच अमेरिकेत विकले जाऊ लागले. पुढे आपल्याकडेही गडी बांधावर रेडिओ टांगून काम करताना दिसू लागला. इंदूरचे केंद्र १९५५ चे आणि जळगावचे १९७६ चे.

वादळाचे दुसरे रूप नदीचे. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात, आणि तापीही मुलताईहून पश्चिमेकडेच वाहते. म्हणजे पाऊस आणि पूर एकाच दिशेने, जणू हातात हात घालून चालतात. १९६८ च्या ऑगस्टमध्ये असेच घडले. सुरतेजवळ प्रवाह दर सेकंदास सुमारे १५ लाख घनफूट इतका चढला आणि शहर बुडाले. त्यानंतर पुराचा अंदाज वर्तविण्याच्या सरकारी कामाचा विस्तार झाला, त्यात सुरतेचाही विभाग आला. वरच्या अंगाला बऱ्हाणपुरी पाण्याची पातळी मोजावयाची आणि ती बिनतारी यंत्राने खाली कळवावयाची, ही त्या कामातील एक कडी. तार वादळात तुटते. लहर तुटत नाही.

अमेरिकेत याच सुमारास वादळांचा मोटारीने पाठलाग करणारे हौशी लोक निर्माण झाले. डेव्हिड होडली यांनी १९५६ साली नॉर्थ डाकोटात हा उद्योग आरंभिला. तिकडे केवळ हवामानवार्तेसाठी राखून ठेवलेल्या लहरी आहेत आणि त्या ऐकण्याचे खास संच मिळतात. कौतुकाने कोणी तो संच परदेशातून आणला तर बऱ्हाणपुरात त्या पट्ट्यावर शुकशुकाटच ऐकू येईल, कारण आपल्याकडे तसे प्रक्षेपण नाही. येथे उपयोगी तो साधा संच: मध्यम लहरी आणि एफएम दोन्ही असलेला, बाजारात सहज मिळणाऱ्या सेलवर चालणारा. मात्र अनेक लहान मध्यम लहरी केंद्रे अलीकडे बंद झाली आहेत. म्हणून आपल्या शिवारात दिवसा कोणते केंद्र स्वच्छ लागते ते संच विकत घेण्यापूर्वीच पाहावे. दुकानात लागते ते शेतात लागेलच असे नाही.

मध्यम लहरींचा पट्टा आणखी एका कारणासाठी हवा. दूर वीज कडाडली की त्यावर खरखर उमटते. एफएमवर ती जवळजवळ ऐकूच येत नाही. केंद्र नसलेल्या जागी काटा ठेवला आणि खरखर दाट व जोरकस होत गेली, तर गडगडाट जवळ येत आहे असे समजावे. संचातील फेराइटची कांडी ज्या रोखाने धरल्यास आवाज सर्वांत मंद होतो, त्या रेषेवर वादळ असते. पुढे की मागे, हे मात्र डोळ्यांनीच ठरवावे लागते. खरखर वीज दाखविते, वारा मोजीत नाही. म्हणून हवामानवार्तेची जागा ती घेऊ शकत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेचा इशारा देण्यासाठी 'दामिनी' ही मोबाइलवरील सोय केली आहे. तिच्यामागे देशभर बसविलेले संवेदक विजेच्या रेडिओ लहरीच टिपतात, आणि अनेक ठिकाणच्या नोंदींवरून वीज कोठे पडली ते ठरविले जाते. पोपोवच्या घंटेचेच हे वंशज. मात्र वादळात मोबाइलचा मनोरा बंद पडला की हा इशारा बागेपर्यंत येत नाही, आणि तेव्हा खुंटीवरचा सेलवरचा संच पुन्हा खाली काढावा लागतो.