जीवकाचा वारसा आणि जालन्याचे माळरान

विनयपिटकाच्या महावग्गात जीवक कोमारभच्च याची कथा आली आहे. राजगृहाच्या सालवती नामक गणिकेचे हे मूल उकिरड्यावर टाकून देण्यात आले होते. अभय राजकुमाराने त्याला उचलून वाढविले. पुढे तक्षशिलेस सात वर्षे वैद्यकाचे अध्ययन केल्यावर आचार्यांनी त्याला सांगितले, की नगरीभोवती एक योजन हिंडून जी वनस्पती औषध नाही अशी एक तरी घेऊन ये. जीवक रिकाम्या हातांनी परतला. औषध नसलेले असे काहीच त्याला दिसले नाही. आचार्यांनी त्याची विद्या पूर्ण झाल्याचे सांगून त्याला निरोप दिला.

ही कथा आमच्या वाचकांना परिचित आहे. तथापि तिच्यातून उद्भवणारा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या एका योजनातील झाडपाला जीवकाच्याही आधी कोणी ओळखला होता? त्याचे गुण प्रथम कोणी अनुभवले होते?

या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, असे स्पष्ट म्हटले आहे की वनौषधींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व इतर वनवासी जाणतात. मात्र लगेच पुढे ग्रंथकार बजावतो, की केवळ नाव व रूप जाणल्याने औषधीचे पूर्ण ज्ञान होत नाही. तिची योजना जाणणारा तो खरा वैद्य. म्हणजे ज्ञानाचा उगम मान्य करावयाचा, परंतु मान ग्रंथ जाणणाऱ्याकडे ठेवावयाचा. आज औषधी वनस्पतींच्या लाभवाटपाचा जो वाद चालू आहे, त्याचे मूळ येथपर्यंत जाते.

बौद्ध परंपरेत या ज्ञानाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी होती. महावग्गातील भेसज्जक्खंधकात आजारी भिक्खूंसाठी अनुज्ञा दिलेल्या औषधांची यादी आहे. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, वाळा व नागरमोथा. पानांमध्ये कडुनिंब व तुळस. फळांमध्ये पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा आणि आवळा. यांतील बहुतेक वस्तू आजही खेड्यातील घरात सापडतात. मनुस्मृतीने चिकित्सकाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले व त्याचे अन्न अपवित्र ठरविले. इकडे भिक्खुसंघाने रुग्णसेवेला धम्माचरणाचे स्थान दिले. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची व पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे नमूद केले आहे. जेथे औषधी वनस्पती, मुळे व फळे नव्हती तेथे ती आणून लावविल्याचेही तो सांगतो. औषधी वनस्पतींच्या संवर्धनाचा याहून प्राचीन राजकीय दाखला भारतात क्वचितच मिळेल.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतून निर्माण झाला. परंतु त्याचा इतिहास फार जुना आहे. केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या उपासकांचा उल्लेख आढळतो. १९७३ साली येथे झालेल्या उत्खननाने सातवाहनकालीन समृद्ध नगराचे अवशेष उजेडात आणले. या नगराच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. गुळवेल, शतावरी, बेल, पळस, बिब्बा अशा वनस्पती या रांगेतील जंगलात होतात. दक्षिणेकडील माळावर तरवड, रुई, आघाडा, माका आणि सराटा.

या वनस्पती जाणणारी माणसे कोण? डोंगराच्या आधाराने राहणारे भिल्ल. मेंढ्यांमागे रान तुडविणारे धनगर. झोळी घेऊन गावोगाव हिंडणारे वैदू, ज्यांची गणना महाराष्ट्र शासन भटक्या जमातींत करते. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतील सुईण, विशेषतः मांग समाजातील स्त्री, जिच्या हातून वरच्या आळीतील पोर जन्माला येत असे आणि जिचा स्पर्श त्याच घराला पुढे विटाळ वाटत असे. या सर्वांना लेखनवाचनाचा अधिकार शतकानुशतके नाकारला गेला. म्हणून त्यांचे ज्ञान कागदावर आले नाही. ते नव्हते म्हणून नव्हे.

कागदावर नसण्याची किंमत काय असते, हे हळदीच्या प्रकरणातून दिसते. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा विजय अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु तो मिळाला संस्कृत ग्रंथ व १९५३ सालचा एक छापील शोधनिबंध यांच्या आधारे. आजीने जखमेवर हळद दाबली, हा अनुभव पुरावा म्हणून उभा राहू शकला नाही. पुढे पारंपरिक ज्ञानाचे जे अंकीय ग्रंथालय उभारले गेले, तेही मुख्यतः संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांवर आधारलेले आहे. वैदूच्या झोळीला त्यात कोठे जागा आहे?

न्याय्य वाटपाचा एक प्रयोग केरळात झाला. १९८७ साली अगस्त्य डोंगरात हिंडणाऱ्या शास्त्रज्ञांना सोबतचे काणी आदिवासी न थकता चालताना दिसले. ते जी फळे चघळत होते, ती आरोग्यपच्चा या वनस्पतीची. तिच्यापासून 'जीवनी' हे औषध तयार झाले; १९९५ साली उत्पादनाचा परवाना दहा लाख रुपये व दोन टक्के स्वामित्वशुल्क या अटीवर देण्यात आला आणि त्यातील निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरले. त्यासाठी १९९७ साली त्यांचा विश्वस्त निधी स्थापन झाला. प्रयोग निर्दोष नव्हता. सर्व काणी गटांना विचारले गेले नव्हते आणि वनस्पती गोळा करण्यास वनखात्याने हरकत घेतली. तरीही ज्ञान देणाऱ्याचा हक्क पैशाच्या रूपाने प्रथमच मान्य झाला.

त्यानंतर २००२ साली जैवविविधता कायदा आला. प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी व तिने लोकजैवविविधता नोंदवही करावी, असे त्यात ठरले. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्क दिला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने देशी कंपन्यांनाही लाभाचा वाटा द्यावा लागेल असा निर्णय दिला. परंतु २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान व लागवडीच्या औषधी वनस्पती यांना मोठी सूट दिली. वनहक्क मागणाऱ्या बिगर-आदिवासीस तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. मग ज्याचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर, त्या वैदूने कोणत्या गावचा दाखला आणावा?

जालन्याला हा प्रश्न परका नाही. बियाणे उद्योगाने हे शहर देशभर ओळखले जाते. १९६४ साली येथे स्थापन झालेल्या महिको कंपनीच्या बी.टी. वांग्यासाठी कर्नाटकातील स्थानिक जाती परवानगीविना वापरल्याची तक्रार २०१० साली झाली आणि २०११ साली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने कायदेशीर कारवाईचा निर्णय घेतला. आरोपाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु वाण कोणी जपले, हा प्रश्न त्या निमित्ताने विचारला गेला, हे महत्त्वाचे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर देशभर समित्या व नोंदवह्यांची घाई झाली. घाईने केलेली नोंद वनस्पतींची नावे देते. जाणत्यांची देत नाही. आमच्या मते प्रत्येक विहाराने आपल्या गावची नोंदवही मागवून वाचावी. तीत वैदू, भिल्ल, धनगर व सुईण यांची नावे आहेत काय, हे पाहावे. समितीत त्यांना जागा मिळावी, असा आग्रह धरावा. मात्र कोणाचेही गुपित त्याच्या संमतीवाचून लिहू नये. कारण उघड्यावर मांडलेले ज्ञान सर्वांत आधी बाजारच उचलतो. माळावरील मूळ खणताना थोडे जमिनीत राखण्याची जुनी रीतही त्याच नोंदीत यावी. रोपही टिकले पाहिजे आणि जाणताही.

जीवकाला तक्षशिलेभोवती निरुपयोगी वनस्पती सापडली नाही. आपल्या गावाभोवतीचे एक योजन चालून पाहू या. निरुपयोगी माणूसही सापडणार नाही.