'ख्रिस्ती राष्ट्र' : एका विशेषणाचा इतिहास

अमेरिका हे ख्रिस्ती राष्ट्र आहे काय, हा वाद त्या देशात दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याची एक गंमत अशी की, दोन्ही पक्ष हातात कागद घेऊनच उभे असतात. कोणी सनद दाखवतो, कोणी तह, कोणी न्यायालयाच्या निकालपत्रातले एखादे वाक्य. त्यामुळे वरवर धर्मशास्त्राचा किंवा राज्यशास्त्राचा वाटणारा हा प्रश्न पुष्कळ अंशी वाचनाचाही आहे. वाक्य कोणी, कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून लिहिले हे न पाहता ते उचलले की त्याचे काय होते, हे ज्यांना विद्यार्थ्यांना शिकवावे लागते त्यांनी या वादाकडे जरूर पाहावे.

1787 साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या राज्यघटनेच्या मूळ मजकुरात ईश्वराचे आवाहन नाही. शेवटी तारीख देताना 'आपल्या प्रभूच्या वर्षी' असा त्या काळचा रूढ शब्दप्रयोग येतो, आणि तेवढ्याच्या आधारावर इमारत उभारू पाहणारे लोक आहेत; परंतु पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहिणाऱ्याने आतला उसनवारीचा मजकूर देवाला वाहिला असे आपण मानत नाही. उलट सहाव्या कलमात कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी लावली जाणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि 1791 च्या पहिल्या दुरुस्तीने संसदेला एखादा धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली. मात्र ही मनाई तेव्हा फक्त केंद्रीय सत्तेला होती. मॅसॅच्युसेट्समध्ये कराच्या पैशातून चर्चला आधार देण्याची पद्धत 1833 पर्यंत टिकून होती. केंद्र निधर्मी आणि काही घटकराज्ये उघडउघड प्रॉटेस्टंट, अशी ती आरंभीची अवस्था होती. वाद घालताना दोन्ही बाजू तिचा सोयीचा अर्धाच भाग सांगतात.

'ख्रिस्ती राष्ट्र' ही कल्पना नाकारणाऱ्यांचा आवडता कागद म्हणजे त्रिपोलीचा तह. भूमध्य समुद्रातील व्यापारी जहाजांना उपद्रव होऊ नये म्हणून 1796 च्या नोव्हेंबरात हा तह झाला आणि 1797 च्या जूनमध्ये सिनेटने त्याला एकमताने मान्यता दिली. अमेरिकेचे शासन कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, असे त्याच्या अकराव्या कलमात म्हटले आहे. सिनेटपुढे गेलेला इंग्रजी मजकूर जोएल बार्लो या मुत्सद्द्याने पाठवलेला होता, आणि हा बार्लो स्वतः कवी होता. 'द कोलंबियाड' हे त्याचे महाकाव्य पुढे 1807 मध्ये प्रसिद्ध झाले. खरे आश्चर्य त्यानंतरचे आहे. 1930 साली डच अरबीतज्ज्ञ स्नूक हुर्खोन्ये यांनी मूळ अरबी प्रत तपासली, तेव्हा तिच्यात हे कलम आढळलेच नाही. त्या जागी अल्जिअर्सच्या शासकाने त्रिपोलीच्या पाशाला लिहिलेले, तहाशी फारसा संबंध नसलेले एक पत्र होते. म्हणजे ज्यांना ते वाक्य ऐकवायचे होते त्यांच्या प्रतीत ते नव्हते. ते वाचले आणि मान्य केले अमेरिकनांनीच. प्रस्तुत लेखकाच्या मते याने कागदाचे महत्त्व कमी होत नाही. परक्यांना पटवण्यासाठी लिहिलेले वाक्य अखेर घरच्यांचाच कबुलीजबाब ठरले, एवढेच. अर्थात 1805 च्या नव्या तहात ते वाक्य गाळले गेले, हेही सांगायला हवे.

राज्यघटनेत ख्रिस्त नाही याची सर्वांत प्रांजळ साक्ष मिळते ती धर्मनिष्ठांच्या छावणीतून. दक्षिणेतील फुटीर राज्यांनी 1861 मध्ये स्वतःची घटना केली तेव्हा तिच्या प्रास्ताविकात सर्वशक्तिमान ईश्वराचे आवाहन मुद्दाम घातले. उत्तरेतील काही पाद्र्यांनीही यादवी युद्ध ही निरीश्वर घटनेची शिक्षा आहे असे मानले, नॅशनल रिफॉर्म असोसिएशन ही संस्था काढली आणि 1864 मध्ये लिंकनची भेट घेतली. घटनेच्या प्रास्ताविकात ख्रिस्ताचे नाव घालावे ही त्यांची मागणी. 1874 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने ती फेटाळली. घटना आधीच ख्रिस्ती असती तर एवढा खटाटोप कशाला करावा लागला असता?

कायद्याच्या कागदावर प्रश्न येथे संपतो. पण समाजात तो संपत नाही. कारण ते लोक बहुसंख्येने ख्रिस्तीच होते आणि आपल्या देशाला ख्रिस्ती म्हणत होते. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने 1845 च्या आपल्या आत्मकथनाला एक पुरवणी जोडली आणि तीत ख्रिस्ताचा धर्म व या देशाचा धर्म यांत स्पष्ट भेद केला. पहिल्यावर आपले प्रेम आहे, म्हणूनच दुसऱ्याचा तिटकारा आहे, असे त्याचे म्हणणे. मराठीतही या देशाची एक समकालीन साक्ष आहे. पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि 1889 मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. त्या स्वतः 1883 मध्ये ख्रिस्ती झालेल्या होत्या. तेथील स्त्रियांच्या संस्थांचे, शिक्षणाचे, परोपकाराचे त्यांनी मनापासून कौतुक केले. तरीही मूळ रहिवाशांशी झालेला व्यवहार आणि काळ्या लोकांविषयीचा वर्णद्वेष त्यांनी झाकून ठेवला नाही. 'ख्रिस्ती' हा शब्द डग्लसच्या हाती आला की ती पदवी राहत नाही, माप होते. हा फरक लक्षात ठेवला की पुढचा प्रसंग नीट कळतो.

1887 मध्ये न्यूयॉर्कच्या चर्च ऑफ द होली ट्रिनिटीने इंग्लंडहून वॉल्पोल वॉरेन नावाचे पाळक करार करून आणले. परदेशी मजूर करारावर आणण्यास 1885 च्या कायद्याने बंदी होती आणि तिच्या कक्षेत कोणत्याही प्रकारचे श्रम वा सेवा येत होती. नट, गायक, व्याख्याते यांना सूट होती. पाळकांचे नाव सूटीच्या यादीत नव्हते. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 29 फेब्रुवारी 1892 रोजी न्यायमूर्ती डेव्हिड ब्रूअर यांनी एकमताचे निकालपत्र दिले. कायद्याचा रोख अंगमेहनतीच्या स्वस्त मजुरांवर होता, तेव्हा अक्षरात बसणारी गोष्ट आशयात बसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. निकालाला एवढे पुरेसे होते. पण ब्रूअर थांबले नाहीत. कोलंबसला मिळालेल्या आज्ञापत्रापासून वसाहतींच्या सनदा, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, घटकराज्यांच्या घटना असे उतारे देत ते या निष्कर्षावर आले की हे ख्रिस्ती राष्ट्र आहे. त्या दिवसापासून हे वाक्य मूळ खटल्यापासून सुटे होऊन फिरते आहे. ते एका इंग्रज पाळकाच्या नोकरीच्या प्रकरणात, ओघात आले होते, हे उद्धृत करणारे क्वचितच सांगतात.

आता याच न्यायमूर्तींचे दुसरे लेखन पाहावे. 1892 च्या मे महिन्यात संसदेने गिअरी कायदा केला. प्रत्येक चिनी मजुराने वर्षाच्या आत रहिवासाचा दाखला घ्यावा, अन्यथा हद्दपारी. दाखला वेळेत का घेता आला नाही हे सांगायचे तर आपल्या रहिवासाबद्दल निदान एक गोरा साक्षीदार उभा करावा. 1893 च्या मे महिन्यात फाँग यू टिंग खटल्यात न्यायालयाने बहुमताने हा कायदा वैध ठरवला. ब्रूअर अल्पमतात राहिले. खटला न चालवता वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाला हाकलणे ही शिक्षाच आहे, असे त्यांनी लिहिले. आणि शेवटी, अग्रगण्य ख्रिस्ती राष्ट्राच्या संसदेचा हा कायदा पाहून कन्फ्यूशसचा एखादा विचारी चिनी अनुयायी विचारील की, हे लोक आमच्याकडे मिशनरी तरी कशाला धाडतात? ब्रूअर यांचा जन्म स्मिर्ना येथे मिशनरी आईबापांच्या पोटी झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाची धार जाणवते. शब्द तेच, लिहिणारा तोच, मधे जेमतेम सव्वा वर्ष. पहिल्या ठिकाणी पाळकासाठी दार उघडताना ते विशेषण प्रशस्तिपत्र होते. दुसऱ्या ठिकाणी चिनी मजुरासाठी दार बंद होताना तोच आरोप झाला. आज पहिले वाक्य तोंडपाठ असलेले पुष्कळ भेटतात, दुसरे त्यांच्या गावीही नसते. ब्रूअर यांनी 1905 मध्ये याच विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात राज्याचा अधिकृत धर्म ख्रिस्ती आहे असा आपला अर्थ नसल्याचे स्पष्ट केले. तेही फारसे कोणी उघडत नाही.

घोषणा कायद्यात उतरली म्हणजे काय होते, हे झांबियात दिसले. राष्ट्राध्यक्ष चिलुबा यांनी 29 डिसेंबर 1991 रोजी आपला देश ख्रिस्ती राष्ट्र असल्याचे जाहीर केले. 1996 मध्ये ते घटनेच्या प्रास्ताविकातही आले. 2001 मध्ये याच चिलुबांच्या गोटातून तिसऱ्या कार्यकाळाची खटपट सुरू झाली, तेव्हा वकील आणि महिला संघटनांबरोबर ती रोखायला पुढे आली ती चर्चच. उलट इंग्लंडात राजा आजही चर्चचा सर्वोच्च प्रशासक आहे, आणि 2021 च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्के भरले.

हे दोन्ही अर्थ एकाच प्रकरणात समोरासमोर आले ते 1931 मध्ये. डग्लस क्लाइड मॅकिंटॉश हे जन्माने कॅनडाचे, येल विद्यापीठात ख्रिस्ती धर्मशास्त्राचे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात त्यांनी कॅनडाच्या सैन्यात धर्मगुरू म्हणून काम केले होते. अमेरिकेचे नागरिकत्व मागताना, देशासाठी शस्त्र धराल काय, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले की युद्ध नैतिक दृष्ट्या समर्थनीय वाटले तरच. ईश्वराच्या इच्छेवर आपण देशाची आज्ञा चढवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नागरिकत्व नाकारले. न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकालपत्रात लिहिले की आपण ख्रिस्ती लोक आहोत. पण आपण टिकून राहायचे असलेले राष्ट्रही आहोत, आणि युद्धासाठी केलेले कायदे पाळणे ईश्वरी इच्छेला विसंगत नाही असे गृहीत धरूनच राष्ट्राला चालले पाहिजे. ईश्वराची इच्छा काय, हे येथे धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाला न्यायालयाने सांगितले.

पंधरा वर्षांनी, 1946 मध्ये, जिरुआर नावाच्या दुसऱ्या एका कॅनडियनाच्या खटल्यात हा दंडक रद्द झाला. तोही धर्मनिष्ठ, सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचा; सैन्यात निःशस्त्र सेवा करायला तयार, शस्त्र धरायला नाही. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच्या बाजूने निकाल देताना ख्रिस्ती लोकांचा किंवा ख्रिस्ती राष्ट्राचा आधार घेतला नाही. असा माणूस संसदेचा सभासद होऊ शकतो, मग नागरिक का नाही, असे त्यांनी विचारले, आणि त्यासाठी 1787 चे ते सहावे कलम उद्धृत केले.