छर्रा शिशाचा की स्टीलचा? पाखरांची शिकार, कायदा आणि आपल्या खाडीतलं शिसं

थंडी पडली की ठाणे-भिवंडी पट्ट्याच्या खाडीकाठी पाखरांची वर्दळ वाढते. काल्हेर, कशेळीच्या बाजूला गोडाऊनच्या रांगा संपल्या की उल्हास नदीची खाडी लागते. तिथल्या तिवरांत आणि चिखलात बगळे, शेकाटे, तुतवार चरताना दिसतात. याच दिवसांत परदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. इंग्लंडला किंवा आफ्रिकेला गेलेले नातेवाईक सांगतात, "आमच्याकडे आता शिशाची नाही, स्टीलची काडतुसं चालतात, त्यात जहर नसतं." मग इथला एखादा पोरगा विचारतो, बिनविषारी छर्रा वापरला तर आपल्याकडेही चालेल का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही. पाखरू शिशाने मारा नाही तर सोन्याने मारा, आपल्याकडे तो गुन्हाच आहे. पण शिशावर जगभर बंदी का येतेय, हे समजून घेणं काल्हेरकरांच्या कामाचं आहे, कारण शिसं बंदुकीतूनच येतं असं नाही.

बारा बोअरच्या एका काडतुसात साधारण तीस ग्रॅम शिसं असतं. सहा नंबरचे छर्रे असतील तर त्यांची संख्या पावणेतीनशेच्या आसपास भरते. यातले चार-सहा छर्रे पाखराला लागतात, बाकी सगळे चिखलात आणि पाण्यात पडतात. खरी गोम इथेच आहे. बदकाला दात नसतात. दाणा दळण्यासाठी ते बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या पेषणीत साठवतं. तळाशी पडलेला छर्रा त्याला खड्यासारखा किंवा बीसारखा वाटतो. पेषणीत तो घासला जातो, पोटातलं आम्ल त्याला विरघळवतं आणि शिसं रक्तात उतरतं. विष्ठा हिरवी होते, पंख लुळे पडतात, पाखरू उडेनासं होतं आणि दोन-तीन आठवड्यांत झुरून मरतं. एखाद-दुसरा छर्राही त्याला पुरतो. बंदुकीचा आवाज सगळे ऐकतात, पण हे मरण झाडोऱ्यात होतं आणि कुणाच्या नजरेला पडत नाही. असं मेलेलं किंवा जखमी पाखरू घार-गरुडाने खाल्लं, तर विष त्याच्याही पोटात जातं.

अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले. डेन्मार्कने १९९६ मध्ये सगळ्याच शिकारीतून ते काढून टाकले. युरोपीय संघात १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागेत आणि तिच्यापासून शंभर मीटरच्या आत शिशाचा छर्रा उडवायला मनाई आहे. कॅलिफोर्नियात काँडोर नावाची मोठी गिधाडं शिशाने मरत होती. तिथे २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीही चालत नाही.

शिशाच्या जागी जे आलं त्यात सगळ्यात स्वस्त म्हणजे स्टील, खरं तर मऊ लोखंड. शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.८. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, म्हणून शिकारी दोन नंबर मोठा छर्रा घेतात आणि जवळूनच बार टाकतात. लांबून टाकला तर पाखरू मरत नाही, जखमी होऊन निसटतं. शिवाय लोखंड कडक असल्यामुळे जुन्या बंदुकीची नळी खराब होऊ शकते, म्हणून बंदूक त्यासाठी तपासलेली असावी लागते. बिस्मथ शिशाच्या बरंच जवळ जातं, मऊ असल्याने जुन्या बंदुकीतही चालतं, पण महाग पडतं. टंगस्टन त्याहून महाग. जस्ताचा छर्रा बिनविषारी नव्हे, जस्तही पाखरांना बाधतं. तांब्याचा मुलामा दिलेला शिशाचा छर्राही फसवा असतो, कारण पेषणीत मुलामा घासून जातो आणि आतलं शिसं उघडं पडतं.

आता आपला कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. सुरुवातीला त्यात काही पाखरांच्या शिकारीचे परवाने मिळायचे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. कलम ९ खाली शिकारीला बंदी आहे आणि 'शिकार' या शब्दात जाळं लावणं, फासे टाकणं, पकडणं, अंडी किंवा घरटं मोडणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या परिशिष्टातल्या जिवाला हात लावला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद. रानातलं तितर विकणारा अडकतो, तसा विकत घेऊन दावत करणाराही अडकतो. शेतात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याच्या लेखी परवानगीचा मार्ग आहे. पाखरं खाण्यासाठी मारायला तसा कुठलाच मार्ग नाही.

एअरगनबद्दल गैरसमज फार आहे. ठराविक ताकदीपर्यंतच्या एअरगनला लायसन्स लागत नाही, हे खरं. पण लायसन्स लागत नाही म्हणजे पाखरं मारायची मोकळीक मिळाली असं नव्हे. आणि त्या एअरगनची गोळीही बहुतेक वेळा शिशाचीच असते. गच्चीवरून बगळ्यावर नेम धरणाऱ्या पोराच्या बापाने हे वेळीच समजून घ्यावं.

जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथल्या आपल्या लोकांसाठी हलालचा मसलाही आहे. छर्ऱ्याच्या माराने मेलेलं आणि जिवंत हाती लागून जबह न झालेलं पाखरू हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांतल्या प्रचलित मतानुसार हलाल होत नाही. काही आलिमांचं मत वेगळं आहे, तेव्हा आपल्या मुफ्तींना विचारावं. छर्रा कोणत्या धातूचा, याने या मसल्यात फरक पडत नाही. उलट, रीतसर जबह झालेल्या पाखराच्या मांसातही शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण राहू शकतात. व्हिनेगर-लिंबासारख्या आंबटात मुरवून शिजवलं तर शिसं जास्त सुटतं. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदर बाई आणि लहान मुलांना तरी असं मांस देऊ नये.

शिकार कोणे एके काळी आपल्याकडेही थाटाची गोष्ट होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली. एका पाखरामागे एकच काडतूस धरलं तरी सव्वाशे किलोहून जास्त शिसं त्या एका दिवशी तिथे पडलं असेल. त्याच भरतपूरला पुढे पाखरांसाठी राखण्यात डॉ. सलीम अलींचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातल्या या पोराने लहानपणी एअरगनने पिवळ्या गळ्याची एक चिमणी पाडली. ती कोणती, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे गेला, आणि तिथून त्याचं आयुष्यच बदललं. अभ्यासासाठी नमुने गोळा करताना पुढेही त्यांनी बंदूक वापरली, हेही खरं. तो जमाना वेगळा होता.

काल्हेरच्या खाडीत शिसं येण्याचा जास्त साधा रस्ता म्हणजे जाळं. पागाच्या कडेला आणि गळाला वजनासाठी शिसं लावतात. जाळं फाटलं, गळ तुटला की ते तळाशी जातं, आणि बारीक गोळी पाखरू तशीच गिळतं. इंग्लंडमध्ये थेम्स नदीवरचे राजहंस अशा गळाच्या शिशाने मरत होते, म्हणून तिथे १९८७ मध्ये छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. लोखंडी वजन किंवा साखळी लावूनही जाळं बुडतं. कुणी घरी चुलीवर शिसं वितळवून गोळ्या ओतत असेल तर ते आधी थांबवावं, कारण त्याची धूळ आणि वाफ घरातल्या पोरांच्या छातीत जाते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याचंही तसंच.

हे पाणी एकट्या काल्हेरचं नाही. उल्हास नदी ठाण्यापाशी वसईच्या खाडीकडे वळते आणि तिचा एक फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय हत्यार नेणं हाच वेगळा गुन्हा आहे, मग बार उडो वा न उडो.

जखमी पाखरू सापडलं तर छर्रा उकरून काढायला जाऊ नका. हवा येईल अशा खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, पाणी जबरदस्तीने पाजू नका आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. कुणी फासे लावताना किंवा पाखरं विकताना दिसला तरी नंबर हाच.